चिमटा बदलला की गाडी बदलते

1971 साली हार्ले-डेव्हिडसनने ‘सुपर ग्लाइड’ बाजारात आणली, तेव्हा तिच्यात नवा म्हणावा असा यांत्रिक भाग जवळजवळ नव्हताच. सांगाडा आणि 1200 सीसीचे इंजिन थोरल्या एफएल मालिकेचे, तर पुढचा चिमटा धाकट्या एक्सएल स्पोर्टस्टरचा. म्हणून मॉडेलचे नावही एफएक्स. एका गाडीचा चिमटा काढून दुसरीला लावायचा उद्योग अमेरिकेतल्या घरगुती गॅरेजांत दोन दशके चालूच होता. संस्थापकांपैकी एकाचे नातू विली जी. डेव्हिडसन यांनी तो उचलून थेट कंपनीच्या कॅटलॉगात नेला.

चिमटा म्हणजे पुढचे चाक धरणारा, वळवणारा आणि खड्ड्यांचे धक्के सोसणारा भाग. अगदी सुरुवातीच्या मोटरसायकलींना सायकलीसारखाच ताठ चिमटा असे. वेग वाढला तसे हात बधिर होऊ लागले आणि स्प्रिंगा आल्या. इंग्लंडमध्ये ड्रुइड, वेब, ब्रॅम्प्टन या नावांचे ‘गर्डर’ चिमटे चालले. हार्लेने 1907 च्या सुमारास ‘स्प्रिंगर’ काढला: मागचे दोन पाय स्थिर, पुढचे दोन वरखाली होणारे, खाली दोघांना जोडणारी छोटी झुलती पट्टी आणि वर उघड्या स्प्रिंगा. दिसायला देखणा, पण धक्का बसल्यावर स्प्रिंगांची उसळी आवरायला त्यात तेल नव्हते.

एका नळीत दुसरी नळी सरकवण्याची कल्पनाही तशी जुनीच. आल्फ्रेड स्कॉट यांच्या 1908 च्या मोटरसायकलीत ती होती. डेन्मार्कच्या निंबसने 1934 मध्ये तिला पुन्हा जागा दिली आणि पुढच्याच वर्षी बीएमडब्ल्यूच्या आर 12 ने त्यात तेलाचे नियंत्रण आणले. मॅचलेसने 1941 मध्ये आपल्या लष्करी जी3/एल ला तसलाच चिमटा दिला, आणि निरोप पोचवणाऱ्या ब्रिटिश स्वारांनी ती गाडी डोक्यावर घेतली. हार्लेत मात्र तो यायला 1949 साल उजाडावे लागले. तो घेऊन आलेल्या गाडीचे नावच ‘हायड्रा-ग्लाइड’.

यानंतर कोणीही हेच म्हणेल की जुन्या गाडीवाल्यांनी नवे चिमटे लावून घेतले असतील. अनेकांनी घेतलेही. पण हौशी मंडळींची एक फळी नेमकी उलट दिशेने निघाली. हायड्रा-ग्लाइडचा चिमटा पत्र्याच्या आवरणात जाडजूड दिसे. गाडीवरचे अनावश्यक ते सगळे छाटून टाकणाऱ्या ‘चॉपर’वाल्यांना तो नको होता. त्यांना हवा होता सडपातळ, उघड्या स्प्रिंगांचा जुना स्प्रिंगर, तोही लांब. दुसऱ्या महायुद्धात हार्लेने लष्करासाठी एक्सए नावाच्या सुमारे हजारच गाड्या बांधल्या होत्या. त्यांचा स्प्रिंगर नेहमीपेक्षा दोनेक इंच लांब होता. युद्धात फारशी न चाललेली ही गाडी चॉपरवाल्यांना तिच्या चिमट्यासाठी हवीहवीशी झाली! एक्सए मिळाली नाही तर जुन्या फोर्ड मोटारींचे रेडियस रॉड कापून स्प्रिंगरचे पाय वाढवले जात. नळीचा चिमटा असेल तर नळीच्या वरच्या टोकाला तुकडा आटे पाडून किंवा वेल्डिंग करून जोडत. यातले काही सांधे कितपत भरवशाचे असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

इथे थोडी भूमिती पाहायला हवी, कारण चिमटा बदलणे म्हणजे फक्त नटबोल्ट सोडून दुसरे नटबोल्ट आवळणे नव्हे. हँडलच्या दांड्याची तिरकी रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर टेकतो त्या बिंदूच्या थोडी पुढे पडते. हे अंतर म्हणजे ‘ट्रेल’. चिमटा नुसताच लांब केला की गाडीचे नाक वर जाते, कोन पसरट होतो आणि ट्रेल वाढतो. सरळ महामार्गावर अशी गाडी रुळावर चालल्यासारखी धावते. पेट्रोल पंपावर वळवताना मात्र हँडल एका बाजूला कोसळायला बघते. म्हणून जाणकार कारागीर सांगाड्याचा पुढचा गळाच कापून, कोन बदलून पुन्हा जोडत. अडाणी कारागीर तो न बदलता चिमटा लावत, आणि मालक ते हँडल पेलत बसे.

या शैलीची कीर्ती जगभर नेली 1969 च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटाने. पीटर फोंडाच्या ‘कॅप्टन अमेरिका’चा लांबलचक चिमटा पाहून किती तरुणांनी आपल्या गाड्या कापायला घेतल्या असतील, कोण जाणे. चित्रपटातल्या गाड्या लिलावात घेतलेल्या पोलिसांच्या जुन्या हार्लेंपासून बनल्या होत्या. त्या घडवण्यात क्लिफ वॉन्स आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीयांचा मोठा वाटा होता. श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावे नव्हती. चॉपरच्या इतिहासातला हा खरा अन्याय, आणि तो दुरुस्त व्हायला काही दशके गेली.

दोनच वर्षांनी आलेल्या सुपर ग्लाइडला या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. तिची होडीच्या आकाराची फायबरची शेपटी लोकांनी नाकारली आणि ती लवकरच काढून टाकली गेली. पण वजनदार धडाला सडपातळ चिमटा ही जोडी टिकली. 1980 मध्ये कंपनीने ‘वाइड ग्लाइड’ आणली: नळ्यांत मुद्दाम जास्त अंतर, पुढे 21 इंची बारीक चाक, टाकीवर ज्वाळा. थोडक्यात, कारखान्यातूनच बाहेर पडलेला चॉपर. 1988 मध्ये तर टाकून दिलेला स्प्रिंगरच परत आला. या वेळी त्याचे आरेखन संगणकावर झाले आणि सांध्यांना टेफ्लॉन मिळाले. चाळीस वर्षांपूर्वी मोडीत काढलेली वस्तू कंपनी आता नवी म्हणून विकत होती. मालकांच्या मागे कंपनी चालत होती, हेच यातून दिसते.

आपल्याकडे असाच खेळ चाकणपासून सुरू झाला. बजाजने 2007 मध्ये केटीएम या मोटरसायकल कंपनीत भागीदारी घेतली आणि 2012 मध्ये चाकणला तयार होणारी ‘ड्यूक 200’ रस्त्यावर आली. तिला डब्ल्यूपी कंपनीचा 43 मिलिमीटरचा उलटा चिमटा होता: जाड नळी वर, बारीक खाली. गॅरेजवाले त्याला ‘यूएसडी शॉकअप’ म्हणतात. तो आपल्या गाडीलाही असावा असे पुष्कळांना वाटू लागले. नळ्या धरणारी ‘टी’, हँडलच्या बेअरिंगचा ‘कोन सेट’, डिस्कचे माप, चाकाचा अॅक्सल हे सगळे जुळवून तो बसवून घेण्याची हौस वाढली. बजाजने पल्सर एनएस 200 ला उलटा चिमटा स्वतःहून दिला तो 2023 मध्ये.

बसवून घेणाऱ्यांनी एक मात्र पाहून ठेवावे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करायला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते कलम स्पष्ट शब्दांत उचलून धरले आहे. तेव्हा जुना चिमटा भंगारात देण्याआधी आरटीओत चौकशी करा.