सुकट : घाट चढून आलेले अन्न

‘सुकट’ हा शब्द ‘सुका’ या शब्दाच्या, म्हणजे संस्कृत ‘शुष्क’च्या कुळातला असून त्यात माशाचा निर्देश मुळीच नाही, तरीही जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत सुकट म्हटले की वाळवलेला जवळा, म्हणजे अगदी बारीक जातीची कोळंबी, हाच अर्थ समजला जातो. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी या जिनसाला तो ज्या अवस्थेत हाती आला त्या अवस्थेचेच नाव दिले. पोर्तुगालात याच्या उलट दिशेने तेच घडले : ‘बाकाल्याव’ हे कॉड माशाचे नाव तेथे खारवून सुकवलेल्या माशाचेच होऊन बसले आणि ताज्या कॉडला ‘ताजा’ असे विशेषण लावावे लागले, कारण कॉड त्या किनाऱ्यावर मिळत नाही आणि सोळाव्या शतकापासून न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यातून तो मिठात घालूनच आणावा लागे.

कोकणच्या उन्हाने मात्र मिठाचे बरेचसे काम स्वतःकडे घेतले. बोंबलाच्या अंगात पाणी इतके असते की तो लवकर नासतो. म्हणून वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूच्या मांडवावरील दोऱ्यांवर टांगतात आणि ऊन-वाऱ्याने ते मिठाविनाच कडकडीत वाळतात. अशी वाळलेली मासळी मग घाट चढून देशावर येई. नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख यज्ञ आणि दक्षिणांची नोंद करतो, मासळीची नव्हे. तथापि कल्याणच्या बंदराला जुन्नरशी जोडणारी ही नाणेघाटाची वाट आणि तिच्या दक्षिणेचा आहुपे घाट यांचे महत्त्व मालाच्या वाहतुकीतच होते, आणि कोकणातून देशावर चढणाऱ्या मालात मीठ व सुकी मासळी हे जिन्नस रेल्वे येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवरून येत.

कॉड शिजवण्यापूर्वी दिवसभर किंवा त्याहून अधिक काळ पाणी बदलत भिजवतात, ते मीठ उतरावे म्हणून. सुकट मात्र आधी तव्यावर कोरडी भाजतात आणि मग पाण्यात सोडतात, म्हणजे किनाऱ्यावरची रेती तळाशी बसते, आणि त्यानंतरच ती कांदा, लसूण व तिखटावर परततात. पश्चिम आंबेगावच्या महादेव कोळी वस्त्यांत पावसाळ्याच्या बेगमीत सुक्या मासळीला विशेष मान आहे; भाताच्या आवणीच्या दिवसांत, स्वयंपाकाला उसंत नसताना, निखाऱ्यावर भाजलेला एक बोंबील आणि नाचणीची भाकरी एवढ्यावर दुपारचे जेवण होते.