ग्वीडोरचे गाणे

आयर्लंडच्या वायव्येस, डोनेगल परगण्यात ग्वीडोर नावाचा आयरिशभाषी मुलूख आहे. तेथील ब्रेनन कुटुंबातील तीन भावंडे आणि त्यांचे जुळे मामा यांनी १९७० साली ‘क्लॅनड’ हे पथक उभे केले. वडिलांच्या मद्यगृहात बीटल्सची गाणी म्हणणारी ही मुले वडीलधाऱ्यांकडून जुनी लोकगीतेही गोळा करीत.

त्यांचा प्रत्यक्ष कार्यक्रम कसा रंगे, हे १९७९ च्या ‘क्लॅनड इन कॉन्सर्ट’ या ध्वनिमुद्रिकेवरून कळते. मोयाची हार्प, पोलची बासरी, किअरनचा डबल बास. आणि एखादे परंपरागत गीत जाझच्या अंगाने इतके लांबविलेले, की आपल्या बैठकीतील चीज आठवावी. शब्द मात्र आयरिशच. डबल बासने भाषा बाटली नाही, उलट तिला परके श्रोते लाभले, असे मला वाटते. घरात एक व बाजारात दुसरी भाषा बोलत पिढ्या काढलेल्या आपणांस याचे मोल निराळे सांगायला नको.

१९८२ साली उत्तर आयर्लंडमधील रक्तपातावरील ‘हॅरीज गेम’ या दूरदर्शन मालिकेसाठी त्यांनी शीर्षकगीत रचले. त्याची कडवी आयरिशमध्ये होती; तरीही ते ब्रिटनच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पाचव्या स्थानी पोहोचले.