सिलिंडर-शीर्ष, शर्यतीच्या एंजिनांतील

अंतर्ज्वलन-एंजिनाच्या सिलिंडरांची वरची बाजू बंद करणाऱ्या ओतीव भागास सिलिंडर-शीर्ष म्हणतात. सिलिंडरात शिरणाऱ्या हवेच्या प्रमाणावर एंजिनाची शक्ती मुख्यत्वे अवलंबून असल्याने मूळ शीर्षाच्या जागी अधिक कार्यक्षम शीर्ष बसविण्याची प्रथा शर्यतींच्या क्षेत्रात रूढ झाली.

इतिहास : प्रारंभीच्या अनेक एंजिनांत झडपा सिलिंडराच्या बाजूस, ठोकळ्यातच असत व शीर्ष हे जवळजवळ केवळ झाकण असे. १९१२ च्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत विजयी झालेल्या प्यूजो गाडीच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरास चार झडपा असून त्या चालविणारे दोन कॅमदंड शीर्षावर होते. १९३२ मधील फोर्ड व्ही-८ एंजिन मात्र बाजूच्या झडपांचे होते. त्यातील उष्ण निष्कास वायूंचे मार्ग ठोकळ्यातून जात असल्याने मालमोटारींत ते अतितप्त होई. या दोषावर उपाय म्हणून झोरा आर्कस-डंटॉव्ह यांनी १९४० नंतरच्या दशकात ‘आर्डन’ हे वरच्या झडपांचे ॲल्युमिनियमाचे बदली शीर्ष तयार केले. पुढे शर्यतवाल्यांनीच ते उचलून धरले.

महाराष्ट्रातील एंजिन : वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला (मुंबई) येथील कारखान्यात फियाट ११०० व पुढे पद्मिनी या गाड्या तयार होत. यांचे १,०८९ घ. सेंमी. एंजिन मूळ १९३७ च्या फियाट रचनेचे असून त्याचा ठोकळा बिडाचा व शीर्ष ॲल्युमिनियमाचे होते. इटलीत याच एंजिनावर १९४६ मध्ये चिसितालिया डी-४६ ही शर्यतीची गाडी बांधली गेली.

निवडीची तत्त्वे : या एंजिनातील प्रत्येक सिलिंडराचे घनफळ सु. २७२ घ. सेंमी. आहे. संपीडन गुणोत्तर ८ : १ ठेवण्यासाठी दट्ट्यावरील एकूण मोकळी जागा सु. ३९ घ. सेंमी. लागते, तर ९ : १ साठी सु. ३४ घ. सेंमी. म्हणजे शीर्षाच्या तळाचा थोडासा थर तासला, तरी गुणोत्तर बरेच बदलते. इंधनाचा ऑक्टेन अंक त्या मानाने कमी असल्यास स्फोटक ज्वलन होऊन दट्ट्या वितळण्याचा संभव असतो. प्रवेशमार्ग रुंद केल्यास उच्च वेगास शक्ती वाढते. तथापि मंद वेगास प्रवाहाची गती घटून ओढ कमी होते. म्हणून शर्यतीस उत्तम ठरलेले शीर्ष गर्दीच्या रस्त्यावर गैरसोयीचे ठरते. २००० पासून भारतात शिसेरहित पेट्रोलच मिळू लागल्याने जुन्या शीर्षांच्या बाबतीत झडपांच्या बैठकांचे कठीणत्व हाही विचारात घेण्याचा मुद्दा झाला.

पद्मिनीचे उत्पादन थांबल्यावर मुंबईतील टॅक्सींमध्ये ही एंजिने टिकून राहिली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपुष्टात आली.