आष्ट्याची वेस आणि फटफटीचा परवाना

पेठहून निघालेला जुना रस्ता आष्ट्यावरून सांगलीकडे येतो आणि कृष्णेवरील आयर्विन पुलावरून सांगलीत शिरतो. तत्कालीन व्हाइसरॉयांचे नाव मिरविणारा हा पूल १९२९ साली रहदारीस खुला झाला. आज आष्ट्याचा एखादा तरुण ऊस कारखान्यास घालून झाला की फटफटीला लाथ मारतो आणि अर्ध्या-पाऊण तासात सांगलीच्या पेठेत पोहोचतो. वाटेत त्यास कोणी अडवीत नाही. याच वाटेवर एके काळी दोन राज्यांची हद्द होती आणि ती ओलांडणारा मनुष्य पलीकडे पाऊल टाकताच ‘परका’ ठरत होता, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. परक्या मुलुखात नव्याने आलेल्या माणसास वाहन हाकण्याचा अधिकार कोणी द्यावा, आणि त्याच्या हातून कोणास इजा झाली तर भरपाई कोणी करावी, या प्रश्नाचा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत. विषय कचेरीतील कागदांचा आहे खरा. पण त्या कागदांवर कित्येक घरांची चूल अवलंबून राहिली आहे.

इंग्रजी अमदानीत आष्टा हे सातारा जिल्ह्यातील वाळवे तालुक्याचे गाव, म्हणजे खालसा मुलूख. सांगली ही पटवर्धनांची राजधानी. पलीकडे मिरजेच्या थोरल्या व धाकट्या पातीची संस्थाने, दक्षिणेस छत्रपतींचे कोल्हापूर, आणि मध्येच औंधकरांच्या मुलखाचे तुकडे. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली ती औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर. गोधडीला ठिगळे असावीत तसा हा प्रदेश होता. बैलगाडीवाल्यास हद्दीचे फारसे सोयरसुतक नसे. जकात भरली की तो मोकळा. मोटार आणि फटफटी यांची गोष्ट निराळी. त्यांना क्रमांक हवा, चालविणाऱ्यास परवाना हवा आणि हे दोन्ही देणारे सरकार कोणते हे आधी ठरावयास हवे.

हिंदुस्थानात यासाठी १९१४ साली पहिला अखिल भारतीय मोटार कायदा झाला. त्यानंतर १९३९ चा सविस्तर कायदा आला. पण ‘अखिल भारतीय’ याचा अर्थ ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. संस्थानांत तो आपोआप लागू होत नसे. तेथे दरबारचा हुकूम चाले. एकमेकांचे परवाने आणि क्रमांक मान्य करण्याचे काम परस्परांतील व्यवस्थेवर सोपविलेले असे. आष्ट्याहून निघालेल्या फटफटीवाल्याच्या खिशातील कागद कृष्णेच्या अलीकडे एका सरकारचा होता आणि पलीकडे दुसऱ्या सरकारच्या मर्जीचा.

विम्याच्या बाबतीत तर ही फट अधिकच रुंद होती. इंग्लंडात १९३० च्या रस्ता-वाहतूक कायद्याने त्रयस्थाचा विमा सक्तीचा केला. त्रयस्थ म्हणजे वाहनाचा मालक नव्हे आणि विमा कंपनीही नव्हे, तर रस्त्याने जाणारा तो तिसरा, ज्याचा या सौद्याशी काही संबंध नसतो आणि तरीही ज्याचा पाय मोडतो. तीच कल्पना १९३९ च्या आपल्या कायद्याच्या आठव्या प्रकरणात उतरली. परंतु हे प्रकरण लगेच अमलात आले नाही. महायुद्ध सरले आणि १ जुलै १९४६ पासून ते लागू झाले. म्हणजे त्या दिवसापासून आष्ट्याच्या रस्त्यावर फटफटीची धडक बसून कोणी दगावला, तर त्याच्या मुलाबाळांच्या पाठीशी कायद्याने सक्तीचा केलेला विमा उभा होता. तीच धडक चार कोस पुढे संस्थानी हद्दीत बसली, तर दरबाराने स्वतःचा तसा हुकूम काढला असेल तरच तो आधार. मनुष्य तोच, जखम तीच. फरक केवळ हद्दीचा.

ही अवस्था फार काळ टिकली नाही. ८ मार्च १९४८ रोजी सांगलीसह दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. पुढील वर्षी १ मार्चला कोल्हापूर आले. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन संस्थानांचा मुलूख यांचा मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निघाला आणि आष्टा त्यात गेले. २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. गाव जागचे हलले नाही. तरी अवघ्या बारा वर्षांत त्याच्या पत्त्यावरील जिल्हा दोनदा बदलला. आज आष्ट्याच्या गाडीवर ‘एमएच १०’ असते. जुना सातारा अखंड राहता तर तेथे ११ दिसले असते, असा एक निरुपद्रवी विचार आमच्या मनात येऊन गेला.

फटफटी सर्वसामान्यांच्या दारी आली ती यानंतर. एनफील्डचा कारखाना मद्रासेस १९५५ साली निघाला, म्हैसूरची जावा १९६१ ची, मग राजदूत आली आणि १९८५ मध्ये हीरो होंडा. सहकारी साखर कारखान्यांनी वाळव्याच्या शिवारात पैसा खेळविला आणि वाड्यावस्त्यांवर बुलेटचा आवाज घुमू लागला. याच सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील भागात मात्र पाऊस रुसलेला. खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ येथील माणसे पोटासाठी बाहेर पडली आणि सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात शिरली. तमिळनाडू, केरळ, आंध्र, उत्तर प्रदेश, पंजाब. जेथे सराफकट्टा तेथे खानापूरकडचा गलाईवाला, असे म्हटल्यास वावगे होऊ नये. गल्लीबोळांतील सराफांच्या दुकानांतून माल आणणे-पोहोचविणे हे त्याचे रोजचे काम, आणि त्यासाठी गावाहून नेलेली किंवा तिकडेच घेतलेली दुचाकी हे त्याचे साधन. हद्द पुसली गेल्यावरही परका राहिलेला मनुष्य पाहावयाचा तर तो हा.

त्याच्या वाट्यास आलेला कायदा असा. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. चालकाचा परवाना साऱ्या देशात चालतो, ही त्यातील दिलासा देणारी गोष्ट. पण परवाना नव्याने काढावयाचा तर आपले वास्तव्य असलेल्या ठिकाणीच अर्ज करावा लागे आणि वास्तव्याचा पुरावा पाहिजे. भाड्याच्या खोलीत चौघांसह राहणाऱ्या पोराजवळ कसला पुरावा? शिधापत्रिका गावी, मतदारयादीत नाव गावी, विजेचे बिल घरमालकाच्या नावे. मग तो सणाला किंवा यात्रेला गावी येई तेव्हा सांगलीच्या परिवहन कार्यालयात शिकाऊ परवाना काढी आणि पक्क्या परवान्यासाठी पुन्हा पुढल्या सुट्टीपर्यंत थांबे. कित्येकांनी थांबण्याचा कंटाळा करून परवान्यावाचूनच वर्षानुवर्षे गाडी हाकली, हेही लपविण्यात अर्थ नाही.

गाडीचे दुखणे आणखी वेगळे. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिले, तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना हरकत दाखला हवा. नव्या राज्याचा रस्ता-कर आधी भरावयाचा आणि जुन्या राज्यात आजीवन म्हणून भरलेल्या करातील उरलेल्या काळाचा परतावा मागावयाचा. कर हा राज्यांचा विषय असल्याने ‘आजीवन’ या शब्दाचे आयुष्य राज्याच्या सीमेपर्यंतच. शेजारच्या कर्नाटकाने तर २०१४ साली कायदा बदलून परराज्यातील गाडी तीस दिवसांहून अधिक राहिली की आजीवन कर मागावयास सुरुवात केली होती. २०१६ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरविली. मिरजेहून चिकोडी-बेळगावकडे सोयरिकी असलेल्या मंडळींना हा प्रकार चांगलाच स्मरत असेल.

आता विमा. या ठिकाणी आम्हांस थोडे थांबावेसे वाटते, कारण कागदाचे रूपांतर भाकरीत होते ते येथे. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन शंभरावर कंपन्यांच्या चार झाल्या. त्यामुळे आष्ट्यात काढलेली पॉलिसी कोइमतूरला चालेल की नाही, ही शंका उरली नाही. पॉलिसी देशभर लागू होती आणि आहे. अडचण होती ती अपघातानंतर. भरपाईचा दावा अपघात जेथे घडला तेथील न्यायाधिकरणासमोरच दाखल करावा, असा १९८८ च्या कायद्याचा मूळ दंडक होता. क्षणभर कल्पना करावी. नवरा दूर तमिळ मुलखात रस्त्यावर गेला. विधवा बाई आटपाडी तालुक्यातील वाडीवर, पदरी दोन लेकरे. भाषा येत नाही, वकील ओळखीचा नाही, तारखेमागून तारीख पडणार आणि दर तारखेस दोन रात्रींचा रेल्वेप्रवास. हक्क कागदावर पुरता शाबूत होता. पोहोचण्याची वाट तेवढी नव्हती.

१९९४ च्या दुरुस्तीने ही वाट उघडली. अर्जदार जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथील, किंवा प्रतिवादी राहतो तेथील न्यायाधिकरणातही दावा लावता येऊ लागला. आटपाडीच्या बाईस सांगली जिल्ह्यातच न्याय मागता येऊ लागला. या कायद्याच्या सगळ्या इतिहासात परमुलखी गेलेल्या माणसासाठी याहून मोठे कलम आम्हांस तरी दिसत नाही. वर्तमानपत्रांत त्याचा गाजावाजा झाल्याचे आम्हांस आठवत नाही; दंड वाढला की मात्र रकानेच्या रकाने भरतात.

परवाना नसलेल्या चालकाचे काय? विमा कंपनी अशा वेळी हात झटकू पाहते, आणि मालकापुरते पाहिले तर तिचे म्हणणे अगदीच गैर नाही. पण रस्त्यावरच्या त्रयस्थाने कोणाचा परवाना तपासावयाचा? जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी स्वर्णसिंग खटल्यात याचा निकाल दिला. नुसता परवाना नव्हता किंवा खोटा होता एवढ्याने कंपनी सुटत नाही; मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने अट मोडली हे तिने सिद्ध करावयास हवे. तसे सिद्ध झाले तरी न्यायाधिकरण तिला आधी त्रयस्थास पैसे देण्यास आणि मग ते मालकाकडून वसूल करण्यास सांगू शकते. जखमी माणसाच्या दृष्टीने हे रास्तच झाले. मालकाच्या दृष्टीने मात्र घरावर बोजा चढू शकतो. गावाकडच्या भाच्याला, ‘शिकून घे तेवढ्यात’ म्हणून, गाडीची किल्ली देणाऱ्या मामांनी एवढे ध्यानात धरावे.

मागे बसणाऱ्याविषयीही दोन शब्द लिहितो, कारण आपल्याकडे एका दुचाकीवर कुटुंबेच्या कुटुंबे मिस्सेला आणि बाजाराला जातात. केवळ कायद्यापुरती पॉलिसी असेल, तर मागे फुकट बसलेला प्रवासी तिच्या अर्थाने त्रयस्थ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली टिळकसिंग खटल्यात म्हटले. सर्वसमावेशक पॉलिसीत तो येतो. दोहोंच्या हप्त्यातील फरक वाचविताना बहुधा हीच गोष्ट नजरेआड होते. २०१८ च्या सप्टेंबरपासून नवी दुचाकी घेतानाच पाच वर्षांचा त्रयस्थ विमा घ्यावा लागतो. तो पुरेसा आहे असा समज त्यामुळे अधिकच पसरला आहे.

देशाबाहेर गेलेल्यांची कथा याहून कडक. वसईपासून कोकणापर्यंत आपली कितीतरी मुले आखातात, इंग्लंडात, जर्मनीत आहेत. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणून जे पुस्तक आपले परिवहन कार्यालय देते, ते १९४९ च्या जिनिव्हा करारातून आलेले, एका वर्षाच्या मुदतीचे आणि मूळ परवान्याच्या भाषांतरासारखे आहे. मूळ परवाना नसेल तर त्यास काडीची किंमत नाही. पाहुण्यास ते चालते, रहिवाशास नाही. इंग्लंडात वास्तव्यास गेलेल्याचा भारतीय परवाना बारा महिने चालतो, जर्मनीत सहा. पुढे परीक्षा देणे भाग. शिकाऊ परवान्यावर मोटारसायकल चालवू पाहणाऱ्यास इंग्लंडात १९९० पासून प्राथमिक प्रशिक्षणाची सक्ती आहे. येथे वीस वर्षे बुलेट चालविली, एकदाही दावा केला नाही, हे तिकडच्या बहुतेक विमा कंपन्यांच्या हिशेबी शून्य, हप्ता नवशिक्याचा. पलीकडे काल कोण होता याची नोंद अलीकडे धरली जात नाही, ही आयर्विन पुलावरची जुनीच गोष्ट.

आपल्या देशात २०१९ च्या दुरुस्तीने राज्यातील कोणत्याही परवाना कार्यालयात अर्ज करण्याची मुभा दिली. सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ ही भारत मालिका निघाली. तो क्रमांक असलेल्या गाडीस राज्य बदलले तरी नवी नोंदणी लागत नाही. मात्र ही सोय सैनिक, सरकारी व सार्वजनिक उपक्रमांतील नोकर आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांच्यासाठी आहे. मोठ्या कंपनीत बदलीवर जाणारा साहेब तीत बसतो. कोइमतूरच्या सराफकट्ट्यावर भट्टी लावून बसलेला खानापूरचा गलाईवाला चार राज्यांत कचेऱ्या कोठून आणणार? तो गावच्या यात्रेला आला की सांगलीच्या कार्यालयात ना हरकत दाखल्याच्या रांगेत उभा असतो.