सरकारी शाळा? परदेशात जाऊन?

आजच्या भागाची सुरुवात एका व्हिडिओ कॉलपासून करू या.

माझी ताई, भाऊजी आणि साडेपाच वर्षांची भाची तीन महिन्यांपूर्वी इंग्लंडला शिफ्ट झाले. इकडे चंद्रपूरला आई-बाबा. दर रविवारी कॉल असतो. त्या रविवारी ताईने सांगितलं, "पिल्लूची शाळा ठरली. घरापासून सात मिनिटं चालत. सरकारी आहे, फी नाही."

बाबा दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "काऊन बाई, इतक्या दूर जाऊन सरकारीच?"

आता यातली गंमत सांगतो. आमचे बाबा स्वतः जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी जंगलपट्ट्यात. आणि आम्हा दोघांना शिकवलं कुठे? चंद्रपूरला, कॉन्व्हेंटमध्ये. विदर्भाबाहेरच्या श्रोत्यांसाठी: आमच्याकडे कुठल्याही इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेला 'कॉन्व्हेंट' म्हणतात. तिथे एकही नन नसली तरी.

म्हणून मी ठरवलं, आज हाच प्रश्न घ्यायचा. सरकारी की खाजगी, हे 'की' आलं कुठून? मी इतिहासकार नाही, दिवसा कोड लिहितो. पण बग शोधायचा असेल तर जुन्या कमिट बघाव्या लागतात, तसंच हे.

तर सुरुवात इंग्लंडपासूनच. 1870 पर्यंत तिथेही गरिबांच्या मुलांसाठी मुख्यतः चर्चच्या शाळा होत्या. त्या वर्षी कायदा आला: जिथे शाळा कमी पडतात तिथे लोकांनी निवडलेली स्कूल बोर्डं शाळा काढतील. 1880 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं आणि 1891 च्या कायद्याने बहुतेक ठिकाणी फी गेली. म्हणजे फक्त 21 वर्षांत एवढं सगळं.

आता बघा, त्याच काळात आपला चांदा जिल्हाही त्याच राणीच्या राज्यात होता. 1853 मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं, त्यातच चांदा इंग्रजांकडे आला. चंद्रपूर हे नाव नंतरचं, आणि गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो तर 26 ऑगस्ट 1982 ला. मग राणी एक, तर शाळेचा कायदा एक का नाही?

ही मागणी झाली नाही असं नाही. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. मुद्दा साधा होता: सरकारचा पैसा येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं. ते झालं नाही. मग 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. तेही अगदी जपून, म्हणजे ज्या स्थानिक संस्थेला जमेल तिने सक्ती करावी, एवढंच. 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. मूलभूत हक्क म्हणून मोफत आणि सक्तीचं शिक्षण देणारा कायदा, आपला आरटीई, अमलात आला 1 एप्रिल 2010 ला. फुल्यांच्या निवेदनानंतर 128 वर्षांनी.

या मधल्या काळात काय झालं? 1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि गावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. 1970 च्या दशकात दुर्गम भागात आदिवासी विकासाच्या शासकीय आश्रमशाळा वाढत गेल्या. हेमलकशाला लोकबिरादरीची शाळा 1976 ची. म्हणजे जंगलपट्ट्यात एका पिढीसाठी 'की' नव्हतंच. जी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, ती आपली. आणि कित्येक गावांत ती सरकारीच.

पण भाषा? एटापल्ली, भामरागडकडे घरात माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, सिरोंच्याला तेलुगू. राजुरा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, तिथे सरकारी भाषा उर्दू. बाबा सांगतात, पहिलीतलं पोर त्यांच्याकडे नुसतं बघत बसायचं. कारण गुरुजी जे बोलत होते, ते त्याने आयुष्यात ऐकलेलंच नव्हतं. ते पोर गाव न सोडता परदेशात पोचलं होतं. माझी भाची विमानाने गेली, एवढाच काय तो फरक.

या सगळ्यात एक जागा मला फार भारी वाटते. जिवती तालुक्यात 14 गावं आहेत ज्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात. तेलंगणा होण्याआधी आंध्र सांगायचा. लोकांकडे दोन्हीकडची रेशन कार्डं, दोन्हीकडे मतदान. आणि शाळाही दोन्ही राज्यांच्या: एक मराठी, एक तेलुगू. तिथल्या बापाला सरकारी की खाजगी हा प्रश्न नाही, त्याला प्रश्न पडतो, 'कुठलं सरकार?' बाकी महाराष्ट्रात हे नशीब कोणाला नाही. सरकारी शाळा आवडली नाही तर दुसरी सरकारी शाळा नसतेच. मग माणूस काय करतो? ज्याला परवडतं तो निघून जातो.

आमच्या बाबांनी तेच केलं. त्या रविवारी कॉल संपल्यावर मी त्यांना पहिल्यांदा सरळ विचारलं, "बाबा, आम्हाला तुमच्या शाळेत का नाही घातलं?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, "चार वर्ग, आम्ही दोघं मास्तर. मी पहिली-दुसरी एकत्र घ्यायचो. एका बाजूला अ आ ई, दुसऱ्या बाजूला पाढे. आत काय चालते ते मला माहीत होतं ना."

हे ऐकून मी नियम काढून बघितले. आरटीईप्रमाणे आजही प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे एका शिक्षकामागे 30 मुलं. आणि इंग्लंडमध्ये ताईच्या पोरीच्या वयाच्या वर्गाला मर्यादा किती? एका शिक्षकामागे 30! आकडा तोच. पण तिकडे ती 30 मुलं एकाच वयाची, एकाच वर्गातली. इकडे त्याच 30 मध्ये दोन-तीन इयत्ता. कागदावर दोन्ही शाळा सारख्या दिसतात. फरक कळतो तो आत उभं राहणाऱ्याला.

आणि इथेच मला आमची चूक दिसते. बाबांना आतलं माहीत होतं. तालुक्याच्या ठिकाणी त्यांचं म्हणणं ऐकणारे लोक होते. त्यांची स्वतःची पोरं त्या वर्गात असती तर तिसऱ्या मास्तरसाठी ते किती भांडले असते? आमची नावं पटावर नव्हती, म्हणून ते भांडण फक्त नोकरीपुरतं राहिलं. असे हजारो गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक, दुकानदार. एकेकाचा निर्णय बरोबरच होता. पण सगळे गेल्यावर मागे राहिले ते, ज्यांचा आवाज तालुक्यापर्यंतही पोचत नव्हता. मग पट घसरला. 2023 मध्ये राज्यात 20 पेक्षा कमी पटाच्या सुमारे 15 हजार शाळांना एकत्र करून समूहशाळा करायची चर्चा सुरू झाली. शहरात शाळा दोन किलोमीटर लांब गेली तर रिक्षा आहे. भामरागडात पावसाळ्यात मधे नाला असतो.

भांडणं झालीच नाहीत असंही नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला आरटीईच्या 25 टक्के जागा द्यायची गरज नाही. पालक कोर्टात गेले आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पालक जिंकले, चांगलंच झालं. पण लक्षात घ्या, ही लढाई बाहेर पडायच्या दारासाठी होती.

आत राहून भांडणाऱ्यांचं उदाहरण आमच्याच भागात आहे. धानोरा तालुक्यातलं मोहगाव. 2019 मध्ये तिथल्या ग्रामसभेने स्वतःची शाळा सुरू केली, गोंडी माध्यमाची. नावातच गोटूल. ही सरकारी नाही आणि धंदा म्हणून काढलेली खाजगीही नाही. प्रशासनाने मान्यता नाही म्हणून अनधिकृत ठरवली, तर ग्रामसभा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. त्यांची शाळा सगळ्यांनी कॉपी करावी असं मी म्हणत नाही. पण 'शाळा कशी हवी' हे पूर्ण गावाने बसून ठरवलं, हे मला आमच्या कॉलनीत कधी दिसलं नाही.

आता परत ताईकडे. इंग्लंडमध्ये शंभरातली सुमारे 93 मुलं सरकारी शाळेत जातात. मागणी जास्त असलेल्या शाळेत बऱ्याचदा घराचं अंतर बघतात, म्हणून चांगल्या शाळेजवळ घरं महाग असतात. म्हणजे पैसा तिकडेही चालतो, फक्त घरभाड्याच्या रूपाने. खाजगी शाळांच्या फीवर जानेवारी 2025 पासून 20 टक्के व्हॅट आहे. पण डॉक्टरचं, ड्रायव्हरचं आणि माझ्या ताईचं पोर एका वर्गात बसू शकतं, आणि छत गळलं तर तिघांचेही आई-बाप बोलतात.

पुढच्या रविवारी मी हे सगळं बाबांना सांगितलं. 'तिकडे सगळ्यात महागड्या जुन्या खाजगी शाळांना पब्लिक स्कूल म्हणतात' यावर ते खूप हसले. पहिली-दुसरीच्या सगळ्या पोरांना दुपारचं जेवण फुकट, यावर म्हणाले, "म्हणजे आपली खिचडीच की."

मग कॉलवर ताईला त्यांनी एकच विचारलं, "मास्तरीण किती वर्गांना शिकवते?"

"एकाच, बाबा."

"मग झालं," ते म्हणाले. "अन् हे बघ बाई, पालकसभा असली की जात जा. बोलत जा. मी कधी गेलो नाही तुमच्या."

आजचा भाग इथेच थांबवतो. तुमच्या गावच्या शाळेत आज पट किती आहे, माहीत आहे का? एक फोन करून विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.