सिगारचे टोक : एका छोट्या छेदाचा इतिहास

आर्थर कॉनन डॉइल यांच्या 'द बॉस्कम व्हॅली मिस्टरी' (१८९१) या कथेत शेरलॉक होम्स शेवाळात फेकलेल्या एका थोटकावरून खुन्याचे निम्मे वर्णन उभे करतो. सिगार हिंदुस्थानी तंबाखूची आहे, रॉटरडॅममध्ये वळलेली आहे आणि ती होल्डरला लावून ओढली गेली आहे. तिचे टोक दातांनी तोडलेले नाही, कापलेले आहे. पण काप स्वच्छ नाही, म्हणजे माणसाच्या खिशातला चाकू बोथट असणार. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या 'द रेसिडेंट पेशंट'मध्ये तो पुन्हा चार थोटके हातात घेतो. दोहोंची टोके फारशी धार नसलेल्या चाकूने कापलेली, तर दोहोंची भक्कम दातांनी तोडलेली. पोलीस जिला आत्महत्या समजत आहेत, तो अनेकांनी मिळून केलेला खून आहे, हे त्याला तेवढ्यावरून कळते.

होम्सची अनुमाने पुष्कळदा ताणलेली असतात हे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. डॉइल यांच्या वाचकांना ही खूण पटली ती कशामुळे? सिगार उघडण्याच्या पद्धतीवरून माणूस ओळखता येतो, ही समजूत त्या काळी सर्वसाधारण असली पाहिजे, एरवी कथेचा डोलारा तिच्यावर उभा राहिला नसता. सिगार कापण्याचे कटर ही आज केवळ चैनीची वस्तू वाटते. परंतु तिच्या इतिहासात शिरले की एकाच टोकावर दोन हात दिसू लागतात : ते टोक बंद करणाऱ्या कामगाराचा आणि ते उघडणाऱ्या गिऱ्हाइकाचा. स्वच्छ काप म्हणजे काय, हे ठरते ते या दोन हातांच्या नात्यावरून.

मुळात सिगार कापावी लागते कशासाठी? आपल्याकडच्या चिरुटाला हा प्रश्न पडलाच नव्हता. तमिळमध्ये 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. त्यावरून इंग्रजीत 'चेरूट' आणि मराठीत 'चिरूट' आला. त्रिचनापल्लीचा किंवा ब्रह्मदेशातला चिरूट दोन्ही टोकांना उघडा असतो. तो उचलावा आणि पेटवावा. हवाना पद्धतीच्या सिगारचे तसे नाही. तिच्या आत भरणाची पाने असतात, त्यांवर बांधणीचे पान आणि सर्वांत वर दिसायला देखणे असे नाजूक आवरण. हे आवरण सुटू नये म्हणून वळणारा कारागीर तोंडाकडच्या बाजूला पानाचेच लहान तुकडे वनस्पतिजन्य डिंकाने चिकटवून त्याची टोपी करतो. क्यूबाच्या चांगल्या सिगारवर या टोपीचे तीन थर नीट पाहिल्यास मोजता येतात. टोपी हे त्या कारागिराचे शेवटचे आणि सर्वांत कौशल्याचे काम. ओढणाऱ्याला पहिल्याप्रथम त्यालाच धक्का लावावा लागतो.

कारागिराचे स्वतःचे पाते निराळे असते. 'चाबेता' नावाची अर्धचंद्राकृती, मुठीविना वापरायची पोलादी पट्टी हे त्याचे जवळजवळ एकमेव हत्यार. तिने तो आवरणाचे पान आकारात कापतो, टोपीचा तुकडा काढतो, सिगार फळीवर रोळतो. पेटवायची बाजू मात्र मापात यावी म्हणून मेजावरच्या छोट्या गिलोटीनखाली छाटली जाते. म्हणजे एक टोक कारखान्यातच उघडलेले असते आणि दुसरे जाणीवपूर्वक बंद ठेवलेले. चाबेत्याचा आणखी एक उपयोग होता. हवानामध्ये १८६५ साली कारखान्यात वाचक बसवण्याची प्रथा सुरू झाली. कामगार हाताने पाने वळत असताना हा वाचक उंच आसनावरून वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवी, आणि त्याचे वेतन कामगार आपल्या मजुरीतून देत. वाचन आवडले की सारे जण चाबेते फळीवर आपटून दाद देत. सरकारला हे रुचले नाही. १८६६ मध्ये या वाचनावर बंदी आली. पुढे प्रथा पुन्हा उभी राहिली आणि क्यूबन कामगारांबरोबर फ्लोरिडातल्या टँपापर्यंत पोचली. तेथील मालकांनी १९३१ मध्ये वाचकांना काढून टाकले. पाने कापणाऱ्या पात्याचा आवाज मालकांच्या आणि सरकारच्या कानांना कसा लागत होता, हे यावरून कळावे.

युरोपीय साहित्यात हे पाते त्याआधीच येऊन गेले होते. प्रॉस्पेर मेरिमे याची 'कार्मेन' ही दीर्घकथा १८४५ ची. तिच्यातली कार्मेन सेव्हिलच्या शाही तंबाखू कारखान्यात कामाला आहे. जी इमारत आज सेव्हिल विद्यापीठाची आहे, तीच ही. तेथे एक बाई गाढव विकत घेण्याइतके पैसे आपल्यापाशी असल्याची फुशारकी मारते, कार्मेन तिला टोमणा मारते, शब्दाला शब्द वाढतो, आणि ज्या सुरीने सिगारची टोके कापायची तिनेच कार्मेन त्या बाईच्या चेहऱ्यावर फुल्या ओढते. बिझे याच्या १८७५ च्या ऑपेराने कार्मेन घरोघर पोचवली. पण त्या झगमगाटात सुरीचा मूळ तपशील मागे पडला. मेरिमेला तो महत्त्वाचा वाटला असावा. बाईच्या हातातले हत्यार कुठून तरी आणलेले नाही, ते तिच्या रोजच्या मजुरीचेच आहे.

कारखान्यातली ही सुरी आणि दिवाणखान्यातले कटर यांच्यामधले अंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढत गेले. घड्याळाच्या साखळीला अडकवायचे चांदीचे छोटे कटर, टेबलावरच्या नक्षीदार कात्र्या, दुकानाच्या गल्ल्यावर बसवलेली लोखंडी कटरयंत्रे या वस्तू त्या काळच्या. अमेरिकेतल्या दुकानांत अशा यंत्रांवर सिगारच्या ब्रँडची जाहिरात असे. कापलेली टोके तरी वाया का घालवावीत? जर्मनीत ती गोळा करून विकण्याची आणि आलेले पैसे अनाथ व गरीब मुलांसाठी वापरण्याची पद्धत पडली. टोक दातांनी तोडून थुंकणारा माणूस आता असंस्कृत ठरू लागला. डॉइल यांच्या दोन्ही कथांमधले गुन्हेगार दात किंवा बोथट चाकू वापरतात, कटर कोणाकडेही नाही, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही. बॉस्कमचा खुनी तर पुढे प्रतिष्ठित जमीनदार झालेला आहे. पण त्याच्या खिशातला चाकू त्याचा भूतकाळ विसरलेला नाही.

पात्यांच्या या लहानशा साधनाला गिलोटीनचेच नाव मिळाले, हा इतिहासाचा काळा विनोद म्हणायचा. १७९२ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्यांदा वापरलेले ते यंत्र टोबियास श्मिट या हार्पसिकॉर्ड बनवणाऱ्या कारागिराने घडवले होते. त्याचे पाते तिरके होते. कारण तिरके पाते दाबत नाही, सरकत कापते. सिगारच्या बाबतीतही सारा प्रश्न दाबण्याचा आणि कापण्याचाच आहे.

अडकित्ता ज्याने हाताळला आहे त्याला हे लगेच समजेल. अडकित्त्यात एकच पाते असते आणि सुपारी खालच्या दांडीवर टेकलेली असते. सुपारी टणक, म्हणून ती कातरली जाते. एका पात्याचे स्वस्त कटर याच जातीचे. पण सिगार मऊ असते. पाते एका बाजूने शिरले की दुसरी बाजू भिंतीवर चेपते आणि आवरण फाटते. दुहेरी पात्याच्या कटरमध्ये दोन्ही बाजूंनी सारखाच दाब येतो, म्हणून नवख्याने तेच घ्यावे. घेताना पाती बंद करून हलवून पाहावीत; ती एकमेकांवर घासून सरकली पाहिजेत, मध्ये फट किंवा डगमग नको. पातळ कागद त्यात धरून पाहावा. कागद दुमडला तर सिगारही फाटणार. पोलाद न गंजणारे असावे, कारण ओलसर पानांशी त्याचा रोजचा संबंध. जर्मनीतले झोलिंगन हे गाव पात्यांसाठी इतके प्रसिद्ध, की त्या नावालाच १९३८ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. तथापि नाव पाहूनही धार तपासावीच. छिद्राचे मापही पाहावे. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. ५० क्रमांकाची सिगार सुमारे १९.८ मिलिमीटर भरते, ६० ची २३.८. जुन्या वारशाच्या कटरमध्ये आजच्या जाड सिगारी शिरत नाहीत. इंग्रजी 'व्ही'सारखी खाच पाडणारे कटर खोल जाते, गोल भोक पाडणारे पंच सोपे असते; पण निमुळत्या टोकाच्या सिगारवर ते चालत नाही.

कापताना मात्र साधनापेक्षा नजर महत्त्वाची. टोपी जेथे संपते आणि सिगार सरळ होऊ लागते त्या खांद्याच्या वर, साधारण दीड-दोन मिलिमीटरवर पाते यावे. खांद्याखाली गेलात तर कारागिराने जे बांधले ते सुटले. मग आवरण उलगडत जाणार आणि तंबाखू तोंडात येणार. टोपी किंचित ओलसर करावी, कोरडे पान तडकते. पाती टेकवावीत, क्षणभर थांबावे आणि एका झटक्यात मिटावीत. कचरत कापले की दाब वाढतो. विन्स्टन चर्चिल यांच्याजवळ कटर असे, पण ते लांब काडीने टोकाला भोक पाडणे पसंत करत. त्यांच्या भोकाने टोपी जागच्या जागी राही, एवढे तरी त्या पद्धतीच्या बाजूने म्हणता येईल.

या सगळ्या देखण्या विधीच्या पलीकडे काय आहे, हे आज कोणापासून लपलेले नाही. सिग्मंड फ्रॉइड यांच्या तोंडातला कर्करोग १९२३ मध्ये उघड झाला, पुढे तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत सिगार सुटली नाही. शल्यविशारदाच्या हातातही पातेच होते, पण ते दुसऱ्या टोकाकडून कापत होते.

तेव्हा हा लेख वाचून कोणी सिगार पेटवावी अशी अपेक्षा नाही. परंतु संग्रहालयाच्या कपाटात चांदीचे एखादे छोटे कटर दिसले, तर त्याच्या नक्षीवरच थांबू नये. ज्या टोपीवर ते मिटत असे, ती कोणीतरी दिवसभर कादंबरी ऐकत, डिंकाच्या बोटाने, एकामागून एक शेकड्यांनी चिकटवलेली होती. त्या माणसाचे काम कोठे संपते हे ज्याला दिसत असे, त्याचाच काप स्वच्छ येत असे.