पोलिओ कॅलिपर

पोलिओ कॅलिपर हे पोलिओमुळे (बालपक्षाघात) लुळ्या पडलेल्या पायाला आधार देणारे धातूचे व चामड्याचे उपकरण आहे. विसाव्या शतकात पोलिओ झालेल्या मुलांना उभे राहता व चालता यावे, यासाठी त्याचा जगभर वापर झाला. कॅलिपरमुळे आजार बरा होत नसे किंवा स्नायूंत बळ परत येत नसे. निकामी स्नायूंचे काम ते यांत्रिक रीतीने करीत असे.

रचना व कार्य

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील प्रेरक चेतापेशी नष्ट करतो. मांडीच्या पुढील बाजूचे स्नायू दुर्बल झाल्यास अंगाचा भार पडताच गुडघा दुमडतो. तो ताठ ठेवण्यासाठी पायाच्या दोन्ही बाजूंना पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असत. मांडी व पोटरीभोवती चामडी पट्टे, गुडघ्यावर चामडी गादी आणि पायात भक्कम बूट असे. पट्ट्यांची खालची टोके बुटाच्या टाचेत बसवत. गुडघ्याजवळील बिजागरीवर कडी सरकवली की सांधा पक्का होई. बसताना ती वर ओढावी लागे. दुर्बल पाय आखूड राहिल्यास बुटाचा तळ उंच करीत.

इतिहास

लिव्हरपूल येथील वेल्श शल्यचिकित्सक ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) यांनी गुडघ्याच्या विकारांसाठी कॅलिपर तयार केले. त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी थॉमस यांच्या उपचारपद्धतींचा प्रसार केला. मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था हे अशा उपकरणांचे एक प्रमुख केंद्र ठरले.

वापरातील अडचणी

गुडघा ताठ असल्याने मूल पाय बाजूने फिरवून पुढे टाकी. दोन्ही पाय दुर्बल असल्यास कुबड्याही लागत. उंची वाढेल तशा पट्ट्या लांबवाव्या लागत व बूट बदलावे लागत. घाम आणि पावसाने चामडे खराब होई, पट्टे काचून जखमा होत. भारतात आणखी एक अडचण होती. कॅलिपर बुटाला जोडलेले असल्याने बूट काढताच आधार जाई. त्यामुळे उंबरठ्याबाहेर पादत्राणे काढण्याच्या आणि जमिनीवर मांडी घालून बसण्याच्या रीतीशी ते जुळत नसे. पुढे पायाच्या मापाने घडवलेली प्लास्टिकची हलकी उपकरणे आली. ती बुटाशिवायही वापरता येतात.

वापरातील घट

१९५५ साली जोनास सॉल्क यांची लस वापरात आली, त्यानंतर आल्बर्ट सेबिन यांची तोंडावाटे देण्याची लस आली. भारतात १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. पोलिओग्रस्त मुलांसाठी कॅलिपर बनवण्याची गरज त्यामुळे जवळजवळ संपली. मात्र बालपणी पोलिओ झालेल्या अनेक प्रौढांना आजही कॅलिपर लागते. काहींना अनेक वर्षांनी पोलिओपश्चात लक्षणसमूहामुळे नव्याने स्नायूंची दुर्बलता येते व सोडलेले कॅलिपर पुन्हा वापरावे लागते.